पोटखराब : सातबाऱ्यावरचा एक शब्द आणि आपल्या शेतीच्या शब्दांचा इतिहास



यंदाची लावणी उरकली. कंबर जरा सरळ झाली म्हणून लिहायला बसलोय. नेहमी मी करपा, तुडतुडे, खताचा हप्ता असं काहीतरी लिहितो. आज शब्दांवर लिहितो. कारण असं की परवा एका तरुण शेतकऱ्याने विचारलं, "काका, आमच्या सातबाऱ्यावर पोटखराब लिहिलंय, म्हणजे जमीन खराब आहे का? आम्ही तर तिथे भात घेतो."

त्याच्या प्रश्नाने माझी जुनी जखम उघडी पडली. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या नवघरच्या शेतातून रस्त्यासाठी तुकडा गेला. मोबदल्याचा कागद हातात आला तेव्हा त्यातल्या सहा गुंठ्यांच्या पुढे 'पोटखराब' लिहिलेलं. त्या सहा गुंठ्यांचा भाव जवळजवळ नाहीच. मी म्हटलं, "साहेब, इथे माझा बा भात लावत होता, मी लावतो." साहेब म्हणाले, "काका, कागदावर तिथे भात नाही."

माझं दुखणं साहेबांवर नाही, स्वतःवर आहे. मी दहावी पास माणूस. तो सातबारा सोसायटीच्या कर्जासाठी दहा वेळा काढला होता. नाव बघायचो, क्षेत्र बघायचो, घडी घालून खिशात ठेवायचो. तो एक शब्द कधी वाचला नाही. तेव्हापासून एक सवय लागली. शेतीचा कुठलाही शब्द आला की तो कुठून आला, कोणी ठेवला, हे शोधायचं. जे सापडलं ते आज सांगतो.

आधी बांध, मग जमीन

नवघर म्हणजे आजचं भाईंदर पूर्व. आता इमारतीच दिसतात, पण आमच्या लहानपणी इथे एका अंगाला भाताची खाचरं, पुढे मिठागरं आणि त्यापलीकडे तिवरांची खाडी. आम्ही आगरी. आगर म्हणजे मिठाचं आगर, त्यावरूनच आमचं नाव पडलं असं जुनी माणसं सांगत.

आमच्या जमिनीला खाजण म्हणतात. भरतीचं पाणी जिथवर येतं ती सपाट चिखलाची जमीन म्हणजे खाजण. तिला बांध घातला, खारं पाणी अडवलं, दोन-चार पावसाळ्यांनी मीठ धुवून काढलं की ती शेतजमीन. म्हणजे आमच्याकडे जमीन आयती मिळालेली नाही, ती माणसांनी केलेली आहे.

बांधात ठेवलेली दारं म्हणजे उघाडी. तिची करामत साधी आहे. दार बाहेरच्या बाजूला उघडतं. भरती आली की खाडीचं पाणी त्याला दाबून बंद करतं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ढकलून ते उघडतं. ना वीज, ना माणूस. पण दारात एक ओंडका अडकला की रात्रीत शेत खारं. बांध फुटून पडलेलं भगदाड म्हणजे खांड. माझा आजा म्हणायचा, "बांद हाय त भात हाय." उधाणाच्या दिवशी आख्खा गाव बांधावर असायचा. खांड एकाच्या शेतासमोर पडली तरी पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं, म्हणून बांध कधी एकट्याचा नसतो.

अशा जमिनीत काळा राता, भुरा राता अशी लाल दाण्याची जुनी भातं टिकायची. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ अशा जाती काढल्या. जिथे रोप लावणं जमत नाही तिथे मोड आलेलं भात चिखलात फेकायचं, त्याला रहू म्हणतात.

इथे एक गोष्ट कामाची सांगून ठेवतो. खारी जमीन आणि चोपण जमीन एक नाही. मातीची विद्युत वाहकता ४ च्या वर आणि सामू ८.५ च्या आत असेल तर ती क्षारयुक्त, म्हणजे खारी. तिला गोडं पाणी आणि निचरा हेच औषध. सामू ८.५ च्या वर आणि मातीला चिकटलेलं सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं की ती चोपण. ती भिजली की चिकट आणि सुकली की दगड. जिप्सम लागतो तो चोपणला. ऊसपट्ट्यात पाणी जास्त होऊन बिघडलेल्या जमिनींत चोपण बघायला मिळते. आमच्यासारख्या साध्या खाऱ्या खाचरात जिप्सम टाकून पैसे घालवलेले लोक मी पाहिलेत. शब्द चुकला की खिसा रिकामा होतो, तो असा.

वसुली करणाऱ्यांचे शब्द

खाजण, खांड, उघाडी हे राबणाऱ्यांचे शब्द. आता दुसरी जात बघा. खरीप, रब्बी, महसूल, वसूल, मौजे, तालुका, तहसील. हे सगळे अरबी-फारसी वळणाचे. सुलतानांच्या राजवटीत दप्तर फारसीत चालायचं, त्यातून आले आणि घरचेच झाले. मूळ अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. आपण पेरतो जूनमध्ये, मग शरद कुठून आला? कारण हंगामाचं नाव पेरणीवरून नाही, काढणीवरून पडलं. सारा गोळा करायचा तो पीक निघाल्यावर. म्हणजे हंगामाला नाव देणारा माणूस खळ्याच्या बाजूला उभा होता, नांगराच्या नाही.

मोजायची भाषाही राज्यागणिक बदलली. निजामशाहीत मलिक अंबरने जमिनीची पाहणी करून सारा ठरवला. शिवाजी महाराजांच्या काळात पाच हात आणि पाच मुठी लांबीची काठी ठरवली, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. विचार करा, हाताने आणि मुठीने मोजलेली जमीन. माप शेतकऱ्याला कळणारं होतं.

आमची साष्टी तेव्हा त्या राज्यात नव्हती. १५३४ पासून ती पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३७ ला साष्टी मराठ्यांकडे आली आणि १७३९ ला वसई. पुढे १७७४ ला इंग्रजांनी साष्टी घेतली. पोर्तुगीज गेले पण शब्द ठेवून गेले. बटाटा, काजू, पपई, अननस, कोबी, तंबाखू. मजुराला आपण देतो तो पगारसुद्धा त्यांच्याच भाषेतला.

साखळी आली, गुंठा आला

इंग्रजांच्या काळात मात्र शब्दांचं वजन बदललं. १८३० च्या आसपास प्रिंगल नावाच्या साहेबाने उत्पन्नातून खर्च वजा करून सारा बसवायचा घाट घातला. हिशेब कागदावर बरोबर, शेतात चूक. सारा इतका बसला की लोक जमिनी टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यात इंदापूरपासून नवी मोजणी सुरू केली. मातीची खोली, रंग आणि दोष बघून प्रत लावायची, आणि सारा तीस वर्षांसाठी कायम. १८४७ ला त्याचे नियम पक्के झाले आणि हीच पद्धत सगळ्या मुंबई इलाख्यात पसरली.

मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. साखळीचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. जमिनीची प्रतही आण्यात. सोळा आण्याची जमीन म्हणजे पहिल्या प्रतीची. आजही आपण 'सोळा आणे काम' म्हणतो.

पीक किती आलं हेही आण्यातच सांगायचे, त्याला आणेवारी म्हणत. १९५७ ला दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली की टंचाईच्या सवलतींचा विषय निघतो. म्हणून ती जाहीर होते तेव्हा गावात एवढी चर्चा असते. बाजारातून आणा गेला, पण शेतकऱ्याच्या नशिबातून जायला वेळ लागला.

कोकणात भातजमीन वेगळी आणि वरकस वेगळी. वरकस म्हणजे उताराची हलकी जमीन, नाचणी-वरीची. पण तिचं मोठं काम राबासाठी. तिथला पाला, गवत, काटक्या आणून रोपाच्या जागेवर पसरायच्या आणि भाजायच्या. त्याने तणाचं बी मरतं, राख मिळते. वरकस नुसती बघणाऱ्याला ओसाड वाटते, पण भाताचं रोप तिच्या जिवावर उभं राहायचं. माळावरची वरकस विकली आणि मग राबाला पाला नाही, अशी घरं मी बघितलीत.

आणि याच मोजणीतला शब्द पोटखराब. पोट म्हणजे आतला. पोटहिस्सा, पोटकूळ, तसाच पोटखराब. एका सर्व्हे नंबरच्या पोटात जो भाग पिकाला निरुपयोगी, खडक, नाला, खड्डा, तो वेगळा काढायचा आणि त्यावर सारा लावायचा नाही. म्हणजे मुळात हा शब्द शेतकऱ्याच्या फायद्याचा होता! जे पिकत नाही त्याचा पैसा घेणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्याचे दोन वर्ग आहेत. वर्ग अ म्हणजे खडकाळ, नाल्याची, लागवडीला अयोग्य जमीन. वर्ग ब म्हणजे रस्ता, पायवाट, पाण्याची जागा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. वर्ग ब ला हात लावता येत नाही. घोळ होतो तो वर्ग अ मध्ये.

बांध कोणाचा, भात कोणाचं

बांध घालायला पैसा लागतो. ज्याने पैसा घातला तो वाटा मागणार. १८७० साली इंग्रज सरकारने भाईंदर, मिरे, घोडबंदर भागातली जमीन रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. खाडीचं पाणी अडवून शेती सुधारावी हा त्यामागचा हेतू. ९९९ वर्षं! आमच्या पाच पिढ्या गेल्या तरी त्यातलं दीडशे वर्षांच्या थोडं पुढेच आलोय. त्या कागदाचा विषय आजही आमच्याकडे निघतो.

खाडीच्या पलीकडे पेण-अलिबागकडे हेच शिलोत्र नावाने होतं. बांध घालून जमीन काढणारा शिलोत्रदार, आणि बांधाच्या डागडुजीसाठी कसणाऱ्याने जादा धान्य द्यायचं. त्या भागात खोतीही होती. खोत गावचा सारा भरायचा आणि कुळाकडून भाताचा वाटा घ्यायचा. वाटा किती, यावरून कुळांचा दम निघायचा. शेवटी १९३३ ला अलिबागजवळच्या चरी गावातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील पुढे होते. लोकांनी खोताची जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. १९३९ पर्यंत शेतं पड ठेवली, रानातलं लाकूड विकून पोटं भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ ला त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. आमच्या साष्टीतल्या इस्टेटींची सारामाफी रद्द करणारा कायदा १९५१ चा.

हे सगळं सांगायचं कारण, कूळ हा शब्द. घरात कूळ म्हणजे वंश, कुळाचार, कुळदैवत. जमिनीच्या कागदात कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कायदेशीरपणे जमीन कसत असलेलं कूळ मालक मानलं गेलं. कलम ३२-ग खाली किंमत ठरायची, ती भरली की ३२-म चं प्रमाणपत्र. ज्यांची कागदावर कूळ म्हणून नोंद होती त्यांचं काम सोपं झालं. ज्यांची नोंद नव्हती त्यांना आपण कसत होतो हे सिद्ध करता करता म्हातारपण आलं. घाम दोघांचा सारखाच होता, फरक एका शब्दाचा.

सातबारा वाचायचा कसा

आता मूळ कागदावर येऊ. १९०३ ला मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला. गावच्या दप्तराचे नमुने नंबरवार ठरले. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाची आणि कोणत्या हक्काने. नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एका कागदावर आले, म्हणून सातबारा. नमुना ६ म्हणजे फेरफार. नमुना ८-अ म्हणजे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन. तो काही एक कायदा नाही, दोन वह्यांची पानं आहेत, एवढं लक्षात ठेवलं की भीती जाते.

वाचताना या गोष्टी बघा.

भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग १ म्हणजे विकायला साधारण मोकळी. वर्ग २ म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही.

इतर हक्क. नाव तुमचं असलं तरी बोजा, कूळ, वाट, विहिरीचा हिस्सा इथे असतो. घेणाऱ्याने आधी हे वाचायचं.

क्षेत्र. आता हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये येतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. ०.४०.०० दिसलं की आपण 'चाळीस गुंठे, एक एकर' म्हणून मोकळे होतो. ते ४० आर आहेत, म्हणजे साडेएकोणचाळीस गुंठे. पुरा एकर ०.४०.४७ असतो. भावाभावांत जेवढी भांडणं बांधावरून होतात, त्यातली काही या अर्ध्या गुंठ्याची आहेत.

पड आणि पोटखराब. पड म्हणजे पिकू शकते पण यंदा पेरली नाही, ती नमुना १२ ची गोष्ट. पोटखराब ही मोजणीने ठरवलेली, नमुना ७ ची गोष्ट. पड एका हंगामात जाते. पोटखराब आपोआप कधीच जात नाही.

माझे सहा गुंठे

आमच्या घरात सांगतात ते असं. पूर्वी बांध उंच करायला माती लागायची ती लगतच्या शेतातूनच काढत. तसे खड्डे आमच्या नंबरात होते. मोजणीवाल्याने खड्डे बघितले, पोटखराब लिहिलं. त्याने काही खोटं लिहिलं नाही. साराही कमी बसला, तेव्हा घरात सगळे खुश झाले असणार.

मग माझ्या बाने ते खड्डे भरले. दर उन्हाळ्यात डोक्यावरून गाळ आणून टाकायचा. मी शाळेतून आलो की घमेलं उचलून द्यायचो. किती वर्षं ते मोजलं नाही, पण मी दहावीला गेलो तेव्हा तिथे भाताची पहिली लावणी झाली. आये त्या तुकड्याला 'नवी भरी' म्हणायची. आमच्या घरात त्या जमिनीचं नाव नवी भरी, आणि सरकारात त्याच जमिनीचं नाव पोटखराब. वीस वर्षं दोन्ही नावं शेजारी शेजारी राहिली, कोणी कोणाला विचारलं नाही. ज्या दिवशी जमिनीला गिऱ्हाईक आलं त्या दिवशी एकच नाव चाललं.

बा तेव्हा जिवंत होता. मी त्याला रकमेचं सांगितलं, शब्दाचं सांगितलं नाही. वीस वर्षं गाळ वाहिलेल्या माणसाला 'तिथे भात नाही' असं कसं सांगणार?

तेव्हा हे दुरुस्त करणं अवघड होतं. २०१८ साली नियमात बदल झाला. वर्ग अ ची पोटखराब जमीन कष्टाने लागवडीखाली आणली असेल तर ती लागवडीयोग्य क्षेत्रात घेऊन तिच्यावर आकारणी करता येते. त्यासाठी तलाठ्याकडे, आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, अर्ज करायचा. जागेची पाहणी होते, मोजणी खात्याकडून पडताळणी होते, वरून मंजुरी येते. सारा थोडा वाढतो, तो भरायचा. मी राहिलेल्या जमिनीतल्या दोन गुंठ्यांचा अर्ज केला आणि नोंद झाली. गेलेले सहा काही परत येणार नाहीत.

आणखी एक. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. आपल्या पिकाची नोंद आपणच मोबाईलवर फोटो काढून करायची. नेटवर्क मिळत नाही, ॲप अडकतं, हे सगळं खरं. मीही वैतागतो. पण एवढी वर्षं आपल्या शेताबद्दल कागदावर दुसराच कोणी लिहायचा, आता निदान नमुना १२ वर आपल्याला लिहिता येतं. ती संधी कंटाळा करून घालवू नका.

शेतीला दोन भाषा आहेत. एक हाताची, खाजण, खांड, राब, रहू, नवी भरी. ती विसरलो तर शेती कशी करायची ते विसरू. दुसरी कागदाची, भोगवटादार, इतर हक्क, पोटखराब. ती शिकलो नाही तर केलेली शेती हातात राहणार नाही. दोन्हींत जिथे फरक दिसेल तिथे आत्ताच बोट ठेवा, जमिनीला गिऱ्हाईक येण्याची वाट बघू नका.

आज संध्याकाळी एक काम करा. कपाटातला सातबारा काढा, चष्मा लावा, आणि नाव-क्षेत्र सोडून बाकीचं वाचा. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला शेजारी बसवा आणि विचारा, हा तुकडा पूर्वी कसा होता. जे सांगतील ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा.

तुमच्या गावात खांडीला, उघाडीला, वरकसला काय म्हणतात तेही कळवा. माझं काही चुकलं असेल तर कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या जाणकारांनी हक्काने सांगावं, दुरुस्त करीन.

शेतात पाणी आहे, बांध बघून येतो. राम राम.